लोरीनच्या बंदुकीवरची दुर्बीण

१४ मार्च

दक्षिणेच्या शेतातला बर्फ गेला आणि गोफर वर आले. नाश्त्यानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजायला लागलो, चाळिसाला सोडून दिलं. बिळासमोरच्या मातीच्या ढिगावर मागच्या पायांवर उभे राहतात, पुढचे पाय पोटावर, आणि माझ्याकडे असे बघतात की जणू मीच त्यांच्या शेतात घुसलोय. पुस्तकात या जमिनीतल्या खारींना काहीतरी लांबलचक नाव आहे. इकडे आम्ही गोफर म्हणतो, आणि चिडलो की आणखी बरंच काही म्हणतो.

दहाच्या सुमारास रस कोल्स्टाड आला. शेत माझं, पण मी सत्तरी ओलांडल्यापासून त्यातली लसूणघास तो पिकवतो आणि कापतो. कॉफी घेतली आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. रसची टोपी गुडघ्यावर आली की काहीतरी अवघड बोलायचं असतं.

"हॅल्वर, रागावू नका. मागच्या वर्षी तुमच्या शेतात माझ्या यंत्राची पाती दोनदा मोडली. गवत कापतोय की माती तेच कळत नाही. निम्मी घास तर तेच खातात."

"मग?"

"मग काय, विष लावलेले ओटचे दाणे. एकदा टाकले की आठ दिवसांत शेत साफ."

मी म्हटलं, या शेतात विष पडणार नाही.

"लोरीन होत्या तेव्हा प्रश्नच नव्हता हो. बंदूक घेऊन एकट्या बसायच्या आणि शेत चिडीचूप. आता कोण मारणार? तुम्ही?" आणि हसला. वाईट मनाने नाही, पण हसला.

मी म्हटलं, हो, मी.

शेवटी ठरलं ते असं. मेच्या मध्यावर पिल्लं बाहेर येतात, म्हणजे एकाचे सात होतात. रस पंधरा मेपर्यंत थांबेल. तोवर फरक दिसला नाही तर तो ओट टाकणार, नाहीतर शेत सोडणार. त्याचंही चुकत नाही.

विषाचं असं आहे. आमची लेक मारित आठ वर्षांची होती त्या वर्षी मीच टाकलं होतं. गोफर मेले, आणि मेलेले गोफर खाऊन बिज्जू मेले, ससाणे मेले, आणि जुन्या बिळांत घरटी करणारे पिंगळे मेले. लोरीनने पिंगळ्याची सहा पिल्लं बुटांच्या खोक्यात गोळा केली आणि ते खोकं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. त्याच आठवड्यात तिने बंदूक घेतली, वर दहा पटीची दुर्बीण बसवली, आणि मग म्हणाली, "या शेतात परत विष नाही, हॅल्वर. मी आहे तोवर मी मारेन. मी नसेन तेव्हा तू." मी हो म्हटलं. 'मी नसेन तेव्हा' हे तेव्हा फार लांबचं वाटलं होतं.

दुपारी तिची बंदूक भिंतीवरून काढली. अडीच वर्षांत पहिल्यांदा. कुंपणाच्या कोपऱ्यात तिचं टेबल अजून आहे, आणि खांबावर तो खिळाही आहे, ज्यावर ती बसण्याआधी चष्मा काढून अडकवायची. बसलो, डोळा लावला. भिंगाला कुणी लोणी फासलं असावं तसं दिसलं. गोफर म्हणजे एक तपकिरी डाग, आणि मधली काळी फुली, जिच्यावर नेम धरायचा, ती तर करड्या धुक्यात कुठेतरी. सहा गोळ्या झाडल्या. सहाही गोफर तसेच उभे.

दुर्बीण गेली. नवी घ्यायला हवी.

१६ मार्च

तरीही एकदा साफ करून बघितली. मऊ फडकं, फुंकर, भिंगांचं औषध. काही फरक नाही. डोळ्याकडच्या कड्याच्या कडेला लाल रंगाची बारीक रेघ आहे, कोठार रंगवलं तेव्हा उडाला असेल. खरवडणार होतो, पण काय उपयोग.

काडतुसांच्या खोक्यात एक भलतीच गोष्ट सापडली. नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली, बरीचशी वापरलेली.

लोरीनच्या नखांना मी आयुष्यात ग्रीसशिवाय काही लागलेलं पाहिलं नाही. आमच्या लग्नातसुद्धा नाही. मारितला फोन केला. तर ती हसायलाच लागली. "आई? नखं रंगवून? बाबा, तू आज जेवलास का नीट?"

मग बाटली आली कुठून? चाळीसहून जास्त वर्षं एका घरात राहिलो. इतक्या वर्षांनी असं काही सापडलं की माणूस वेड्यासारखा विचार करत बसतो. मी बसलो.

१७ मार्च

काल ते लिहिलं त्याची आज लाज वाटते. लोरीनबद्दल असला विचार करणाऱ्याच्या डोक्यात शेण असायला हवं. पण बाटलीचं कोडं सुटलं नाही ते नाहीच.

त्यावरून ती पहिल्यांदा भेटली ते आठवलं. त्या काळी गावच्या सभागृहात वसंतात गोफरच्या शेपटांची स्पर्धा असायची. ज्याच्याकडे जास्त शेपटं, त्याला खिशातला चाकू. आम्ही बारा वर्षांचे. मी खिशातून माझी काढली आणि माझ्यामागे एक मुलगी कॉफीचा डबा घेऊन उभी. चष्मा इतका जाड की तिचे डोळे दोन वाटाण्यांएवढे दिसत होते.

"तुझी किती?" तिने विचारलं.

"नऊ."

तिने डबा टेबलावर उपडा केला. एकशे चौदा. मग माझ्या नऊ शेपटांकडे बघून अगदी मनापासून म्हणाली, "आजारी होतास का?"

चाकू तिला मिळाला. तो अजून स्वयंपाकघरात आहे. त्यानेच मी बटाटे सोलतो.

२२ मार्च

ड्यूई प्रूइटच्या दुकानात गेलो. ड्यूई माझ्या वर्गातला. त्याच्या एका खोलीत बूट, मासेमारीचे गळ, बंदुका आणि कालची कॉफी सगळं मिळतं.

"दुर्बीण? तू?" तो म्हणाला. "हॅल्वर, तुला कोठाराच्या दारातून आत शिरताना दार सापडत नाही."

सगळं सांगितलं. पंधरा मे सांगितली तेव्हा थट्टा थांबली.

"जुनीला काय झालंय?"

"आतून धुरकट झालीय."

"आणायचीस ना. बघितली असती."

मी विषय बदलला. का ते मलाही नीट माहीत नाही. तिच्या बंदुकीला दुसऱ्या कुणाचा हात लागावा असं वाटलं नाही, एवढंच.

ड्यूईने काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या आणि कोंबडी विकणाऱ्यासारखा एकेकीचं वर्णन करायला लागला. पहिली चोवीस पटीची, माझ्या हाताएवढी लांब. दुसरी बारा पटीची. तिसऱ्या दुर्बिणीतल्या फुलीच्या रेघा इतक्या जाड की ड्यूई स्वतःच म्हणाला, "ही हरणासाठी. हिची फुली ठेवलीस की गोफर अख्खा झाकला जातो, मग मारशील काय, फुलीला?"

"मग चोवीसवाली."

"सगळे तेच म्हणतात. मोठा आकडा हवा असतो लोकांना." त्याने रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे ती धरली. "लाव डोळा. थांब, हलू नकोस." माझ्या गालाशी हात आणून त्याने काहीतरी फिरवलं. "आता?"

टाकीवरच्या गंजाचे पोपडे मोजता येत होते. किती वर्षांनी काही इतकं स्वच्छ बघितलं! चांगलं भिंग म्हणजे चांगलं भिंग. ड्यूई म्हणाला, घेऊन जा, जुनी काढून ही बसव, महिनाभर वापर, मग ठरव.

२६ मार्च

जुनी काढली नाही. स्क्रू घट्ट आहेत.

२९ मार्च

खरं लिहायचं तर स्क्रू घट्ट नाहीत. मी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तसाच बसून राहिलो.

मग चोवीसवाली नुसतीच घेऊन टेबलावर गेलो, वाळूच्या पिशवीवर ठेवली आणि त्यातून बघत बसलो. रस्त्याने रसची गाडी गेली, हळू झाली आणि परत वेगाने निघून गेली. बंदुकीशिवाय दुर्बीण घेऊन बसलेला म्हातारा बघून त्याला काय वाटलं असेल ते असो.

चोवीस पट काही कामाची नाही. गोफर दिसतो तो मिशांसकट, पण आधी सापडायला तर हवा. एक शोधेपर्यंत तो बिळात जातो, दुसरा शोधेपर्यंत माझी मान दुखते. आणि दुपारी ऊन चढलं की जमिनीची वाफ अशी हलायला लागते की जणू सगळे गोफर पाण्याखाली नाचताहेत.

लोरीन म्हणायची, "दहा पट पुरे. त्याहून जास्त दिसायला लागलं की माणूस मारत नाही, बघतच बसतो." मी तेव्हा ऐकत असायचो, पण एका कानाने. नेमबाजी हा तिचा प्रांत, ट्रॅक्टर माझा.

५ एप्रिल

चोवीसवाली परत केली, बारावाली आणली. ड्यूईने परत माझ्या गालाशी काहीतरी फिरवून दिलं. घरी पिशवीवर ठेवून बघितलं, उत्तम. हीच घ्यायची. ठरलं.

फक्त जुनी काढायची बाकी आहे.

८ एप्रिल

बर्फ. दिवसभर.

१२ एप्रिल

आज पुढचे दोन स्क्रू सैल केले. मग मागच्यांकडे वळलो आणि तिची शेवटची शरद ऋतूतली सकाळ आठवली. ते एकदा लिहून टाकतो.

ऑक्टोबर होता. ओसरीत ब्लँकेट गुंडाळून ती बसायची. डॉक्टरांनी दुखणं थांबवायला जे दिलं होतं त्याने कधीकधी भलतंच बोलायची. त्या दिवशी मांडीवर ही बंदूक घेऊन बसली होती, रिकामी, नळी कठड्यावर टेकवलेली. ओसरीत कसला तरी गोडसर उग्र वास येत होता. मला वाटलं औषधाचा. धान्याचा शेवटचा ट्रक सुरू करून ठेवला होता आणि मला घाई होती.

"हॅल्वर, इकडे ये. यातून आकाशाकडे बघ."

"आकाशात गोफर आहेत?"

"बघ ना रे. डोळा लाव, पटकन काढ. परत लाव. मधली फुली काळी दिसली की सांग मला."

वाकलो. तिने काहीतरी फिरवलं. "आता?" नाही. परत फिरवलं. "आता?" बाहेर ट्रक धडधडत होता.

"हो हो, काळी आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं गं."

तिने मान हलवली, समाधानाने. "बरं. जा आता." मी गेलो. संध्याकाळी मारितला फोनवर म्हटलं, आई आज भ्रमात होती, आकाशात काळ्या फुल्या शोधत होती. बारा दिवसांनी ती गेली.

पुढचे स्क्रू परत घट्ट केले.

१५ एप्रिल

रसचा फोन. "महिना राहिला, हॅल्वर. काही पडले का?"

"पडतील."

"मी खिडकीतून मोजले. पंचाऐंशी."

तोही मोजतो. आता काय म्हणावं!

२० एप्रिल, ईस्टर

मारित आली. हॅम केलं, तिने लेफ्सा, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, भाजल्या. तव्यावरची तिची लेफ्सा अजूनही नॉर्वेच्या नकाशासारखी होते, आईची गोल व्हायची. हे मी बोललो आणि लगेच वाटलं बोलायला नको होतं. पण ती म्हणाली, "आईचीही नव्हती रे गोल. ती कडा कापून खायची, आणि तुला गोल वाढायची." मला हे माहीत नव्हतं.

जेवणानंतर कुंपणाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेलो. बारावाली दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. आणि आईचीला काय झालंय?"

"धुरकट झालीय."

मारितने आईची बंदूक उचलली. चष्मा काढला, न बघताच खांबावरच्या खिळ्यावर अडकवला, आणि डोळा लावला. लेकीला आईसारखी बसलेली बघून मला तिकडे बघवेना. मी पिकअपकडे बघत राहिलो.

"बाबा, ही तर स्वच्छ आहे."

"काहीतरीच काय."

"अगदी स्वच्छ. त्या डाव्या ढिगावरच्याचा कान फाटलाय." आणि बंदूक वाजली. डाव्या ढिगावर कुणी नव्हतं.

मी बसलो. लोणी. परत ती. स्वच्छ. परत मी. लोणी. शेवटी मारित हळूच म्हणाली, "बाबा, डोळे कधी तपासलेस?"

म्हणजे हे. दुर्बीण नाही, मीच गेलो. बारावालीत स्वच्छ दिसतं ते तिचं भिंग चांगलं असेल म्हणून. मारित गेल्यावर पेपर हातभर लांब धरून वाचला. मग आणखी लांब धरला. गाडी चालवता आली नाही तर इथे राहता येत नाही, आणि इथे राहता आलं नाही तर मी कुठला?

२४ एप्रिल

शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. सगळी अक्षरं वाचली, शेवटच्या ओळीसकट. "लांबचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं," म्हणाल्या. "वाचायला तेवढा चष्मा घ्या."

येताना इतका आनंद झाला की वाटेत थांबून पाई खाल्ली, ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची. अर्ध्यावर आल्यावर आनंद ओसरला. दुर्बीण चांगली. डोळा चांगला. मग बिघडलंय काय?

२६ एप्रिल

हात टेकले आणि लोरीनची बंदूक ड्यूईकडे नेली. फडक्यात गुंडाळून, सीटवर, पट्टा बांधून.

ड्यूईने डोळा लावला, लगेच काढला. "हॅल्वर, लोरीनचा चष्मा किती जाड होता रे?"

"बाटलीच्या बुडाएवढा. का?"

"आणि नेम धरताना काढायची?"

"खांबावर अडकवायची."

ड्यूईने बंदूक खाली ठेवली आणि माझ्याकडे शाळेत गुरुजी बघायचे तसं बघितलं. "अरे, हे मागचं भिंग डोळ्याप्रमाणे फिरवून लावायचं असतं. माझ्या दुकानात मी तुला दोनदा लावून दिलं, बघितलं नाहीस? हे तिच्या डोळ्याला लावलंय. बिनचष्म्याच्या. तिला काचेसारखं दिसत असेल, तुला चिखल दिसणार. मारितला दिसतं, कारण तिने आईचे डोळे घेतलेत. बिघडलंय कुठे काय!"

कपाळाला हात लावला. ती रोज माझ्यासमोर चष्मा काढायची, मी रोज बघायचो.

"ही बघ, तिने खूणसुद्धा करून ठेवलीय," ड्यूई म्हणाला आणि कड्यावरच्या लाल रेघेवर नख ठेवलं. "नखांचा रंग. सगळे जुने नेमबाज तोच वापरतात, पाण्याने जात नाही. आता हे कडं सैल करायचं आणि..."

"हात नको लावूस!"

इतक्या मोठ्याने ओरडलो की बूट बघत असलेलं गिऱ्हाईक दाराकडे सरकलं.

ड्यूईने हात मागे घेतला. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. तिचे कपडे मारितने नेले, चष्मा तिच्याबरोबर गेला, तिची खुर्ची आता मीच वापरतो. पण हे भिंग तसंच आहे. शेवटचं तिने बघितलं, तिच्या डोळ्याला जसं हवं होतं तसं. फिरवलं की गेलं. धड सांगता आलं नाही, अर्ध्यावरच बंदूक परत फडक्यात गुंडाळायला लागलो.

तो म्हणाला, "खूण आहे ना. फेरे मोज, परत तिथेच आणता येईल."

"येईल?"

"येईल. नाहीतर बारावाली घे, हिला भिंतीवर टांग. पण उगाच गोंधळ घालत बसू नकोस, तुझ्याकडे तीन आठवडे आहेत."

घरी आलो. फिरवलं नाही.

३० एप्रिल

एवढा भित्रा माणूस मी दुसरा बघितला नाही. वासरं ओढून बाहेर काढलीत, गारपिटीत सगळं पीक गेलेलं बघितलंय. आणि एक कडं फिरवत नाही.

२ मे

पिंगळे आले. एकच जोडी. कोपऱ्यातल्या जुन्या बिळावर नर उभा होता, लांब तंगड्या, मला बघून उठाबशा काढल्यासारखा खालीवर झाला. दरवर्षी ते पहिले दिसले की लोरीन स्वयंपाकघरात येऊन तस्संच खालीवर करून दाखवायची, हातात चमचा असला तरी. आज मी खिडकीत एकट्याने करून बघितलं. गुडघे कटकट वाजले. हसू आलं, आणि मग फार आठवण आली.

दुपारी रसच्या शेडसमोरून गेलो. ओटची पोती उतरवून ठेवलेली दिसली. आठ.

३ मे

सकाळी टेबलावर गेलो. काडतुसं खोक्यातच ठेवली, नळी कठड्याऐवजी कुंपणाच्या फळीवर टेकवली, आकाशाकडे. कडं सैल केलं. तिची लाल रेघ वर होती तिथून मोजत फिरवायला लागलो. एक फेरा. मागचं भिंग थोडं बाहेर आलं, आणि आत लपलेले चकचकीत आटे दिसायला लागले. दुसरा फेरा. आणि तिथे आट्यांवर आणखी एक लाल रेघ होती.

हात थांबला. ही पहिलीसारखी सरळ नव्हती. थरथरत्या हाताने ओढलेली, आणि रंग अजून ताजा लाल. बाहेरून कधीच दिसली नसती. कुणीतरी भिंग इथपर्यंत बाहेर काढलं, खूण केली आणि परत आत नेलं, स्वतःच्या रेघेवर.

गोडसर उग्र वास. बाटली. ओसरी. आकाशात बघ, हॅल्वर.

ती भ्रमात नव्हती. 'मी नसेन तेव्हा तू' म्हणाली होती, आणि ती नसताना मला दिसावं म्हणून तिने माझ्यासाठी दुर्बीण लावून ठेवली होती. मी मारितला फोनवर काय सांगितलं होतं!

कड्यावरची रेघ आट्यांवरच्या रेघेला जुळवली. डोळा पुसला, कारण नाहीतर काहीच दिसलं नसतं. लावला. पटकन काढला, परत लावला, तिने सांगितलं होतं तसं.

फुली करडी होती. पूर्वीइतकं लोणी नाही, पण करडी. धूसर.

ड्यूई म्हणेल अडीच वर्षांत डोळा बदलतो. बदलत असेलही. पण मला माहीत आहे. त्या दिवशीही ती करडीच होती. ट्रक धडधडत होता, मला जायचं होतं, आणि मी म्हटलं हो हो, काळी आहे. तिने विचारलं, नीट बघितलंस? मी म्हटलं, बघितलं गं. आणि मग थरथरत्या हाताने, त्या ब्लँकेटमधून, तिने माझ्या शब्दावर ही रेघ ओढली.

किती वेळ बसलो माहीत नाही. चंडोल ओरडत होते. मग परत कडं धरलं आणि तिच्या खुणेच्या पुढे गेलो. हळूहळू. लावला, काढला. अजून नाही. लावला, काढला. अजून नाही. या वेळी कुणी थांबलेलं नव्हतं आणि मलाही कुठे जायचं नव्हतं. आणखी पाऊण फेऱ्यावर निळ्या आकाशात ती उमटली, शाईने काढल्यासारखी.

"आता," मी मोठ्याने म्हटलं. "आता काळी आहे, लोरीन."

मग बंदूक खाली आणली. पहिलं जे भिंगात आलं तो गोफर नव्हता. कोपऱ्यातला पिंगळा होता. पिवळा डोळा, भुवईवरची पांढरी रेघ, सगळं. त्याच्याकडे बघत बसलो. दहा पट पुरे, ती म्हणायची.

नंतर गोफर मारायला सुरुवात केली. नऊ. परत नऊच! ती असती तर विचारलं असतं, आजारी आहेस का?

९ मे

नऊ, चौदा, अकरा, वीस, सतरा. काल पावसामुळे नाही. आज तेवीस. बारावाली ड्यूईला परत दिली. त्याने ती खोक्यात ठेवली आणि मला कालची कॉफी पाजली.

१५ मे

रस आला. दोघं शेताच्या कडेने चाललो. पिल्लं बाहेर आली आहेत, शेत काही साफ नाही, ते मी लपवलं नाही. पण जुने ढीग निम्मे ओस पडलेत. कोपऱ्यात पिंगळ्याची जोडी होती, रस थांबून बघत राहिला.

"रोज बसता?"

"रोज सकाळी."

"कापणीपर्यंत बसाल?"

"कापणीनंतरही."

त्याने टोपी काढली, उभा होता, ठेवायला गुडघा नव्हता, म्हणून हातातच फिरवली. "ती पोती परत करतो मग. दुर्बीण कुठली घेतलीत शेवटी?"

"लोरीनचीच."

"ती धुरकट होती, ड्यूई सांगत होता."

"नव्हती," मी म्हटलं.

माझ्या खऱ्या जागेवर तिसरी खूण करावी असं आधी वाटलं होतं. बाटलीत रंग आहे अजून. पण केली नाही. आट्यांवरची खूणही पुसली नाही. चुकीची आहे, पण तिने ती माझ्यासाठी केलेली आहे. रोज बंदूक भिंतीवर ठेवताना भिंग परत तिच्या रेघेवर नेतो. रोज सकाळी तिथूनच सुरू करतो, दोन फेऱ्यांवर जिथे मी खोटं बोललो तिथे थांबतो, मग पुढे जातो, आणि फुली काळी झाली की तिला सांगतो.